प्रकल्पाला नंदुरबारचं गिऱ्हाईक द्या

एप्रिल-मे आला की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या पुठ्ठ्याच्या जाड बांधीव वह्यांची रास लागते. वर सोनेरी अक्षरांत कॉलेजचं नाव, मध्ये प्रकल्पाचं शीर्षक, खाली चार विद्यार्थ्यांची नावं. मुलं तिला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. संगणकाची पदवी घेताना शेवटच्या वर्षी गटानं सॉफ्टवेअर तयार करायचं आणि ही वही सादर करायची, असा नियम आहे. शीर्षकं मला आता तोंडपाठ झाली आहेत. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम, ऑनलाइन शॉपिंग, चेहरा ओळखून हजेरी. त्या ग्रंथालयात कधी पुस्तक दिलं-घेतलं जात नाही आणि त्या दवाखान्यात कधी पेशंट येत नाही. बाहेरून आलेले परीक्षक अर्धा तास बघतात, चौघांना जवळपास सारखे गुण मिळतात आणि लॅपटॉप बंद होतो.

मी तळोद्याची. शहाद्याला शिकले, काही वर्षं पुण्यात हिंजवडीला नोकरी केली आणि आता याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते. दरवर्षी माझ्या वाट्याला प्रकल्पांचे गट येतात. या कामाबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. संपूर्ण पदवीत सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग खरोखर शिकण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे हा गटानं करायचा प्रकल्प. आणि तीच जागा आपण फॉर्मॅलिटी करून टाकली आहे.

गटात काय चालतं हे कुठल्याही मुलाला विचारा. एकजण कोड लिहितो किंवा शहरातल्या एखाद्या ‘प्रोजेक्ट सेंटर’मधून काही हजारांत तयार माल आणतो. दुसरी पीपीटी करते. तिसऱ्याकडे प्रिंटिंग आणि बाइंडिंग. चौथा वायव्हाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहतो. मुलांना कामचुकार म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. परीक्षाच अशी आहे की वही जाड असली आणि डेमो पाच मिनिटं चालला तर पुरतं. मग मुलं तेवढंच करतात.

‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द जगभर रुळला तो ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी भरलेल्या नाटोच्या परिषदेनंतर. तोवर प्रोग्रॅम एवढे मोठे झाले होते की ते एका माणसाच्या डोक्यात मावेनात. वेळ चुकत होती, खर्च फुगत होता, हाती आलेल्या गोष्टी चालत नव्हत्या. आयबीएमच्या सिस्टीम 360 या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करण्याचं काम फ्रेड ब्रुक्स यांनी सांभाळलं होतं. त्यांनी 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहिलं की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली तर ते आणखी रखडतं. कारण नव्या माणसाला काम समजावून द्यावं लागतं आणि बोलण्याच्या वाटा वाढतात. चौघांत सहा जोड्या होतात, दहाजणांत पंचेचाळीस. म्हणजे या विद्येचा जन्मच माणसांनी एकत्र काम करण्याच्या अडचणीतून झाला. प्रोग्रॅमिंग एकट्यानं खोलीत बसून शिकता येतं. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला दुसरी माणसं लागतात. गटातली तर लागतातच, पण त्याहून जास्त लागतं ते वापरणारं माणूस.

ते आपल्याकडे कसं मिळतं ते सांगते.

नंदुरबारची मिरची महाराष्ट्रभर माहीत आहे. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती विकत घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवतात. या मैदानांना इथे पथारी म्हणतात. हंगामात शेकडो बायका तिथे मिरची पसरायला, उलथायला, देठ खुडायला असतात. आमच्या एका गटाला मी विषय दिला तो एका पथारीवरच्या मजुरीच्या हिशोबाचा. गटात नंदुरबार शहरातले दोघे, नवापूरची एक मुलगी आणि धडगावकडचा एक मुलगा. वर्गातल्या सवयीप्रमाणे त्यांनी कामं वाटून घेतली. शहरातल्या दोघांकडे कोड, मुलीकडे डेटाबेस आणि धडगावच्या मुलाकडे प्रिंटिंग, कारण तो इंग्रजीत गप्प बसतो.

पहिला डेटाबेस पुस्तकात असतो तसा झाला. मजुराचं नाव ही ओळखीची खूण. पथारीवर दोन दिवसांत तो कोसळला. आमच्या भागात वळवी, वसावे, पाडवी, गावित, पावरा, तडवी एवढ्या आडनावांत गावंच्या गावं येतात. एकाच टोळीत त्याच नावाच्या, नवऱ्याचंही तेच नाव असलेल्या दोन बाया निघाल्या. मग मुलांनी मोबाइल नंबर घेतला. निम्म्या घरांत एकच फोन, तोही नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. मग कोणीतरी आधारचा क्रमांक घेऊ म्हणालं. पथारीवर हिशोब ठेवणारा मुनीम नाही म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. खासगी धंद्यांना असा आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात रद्द केली आहे. त्या दिवशी मुलांनी तो निकाल शोधून वाचला. तासाला मी तो शिकवला असता तर परीक्षेपुरताही लक्षात राहिला नसता.

उत्तर सापडलं धडगावच्या मुलाला. तो बायकांबरोबर देठ खुडायला बसला, पावरी आणि भिलीत बोलत राहिला. त्यांच्याकडून त्याला कळलं की मुनीम प्रत्येकीला तिच्या मुकादमाच्या नावाखाली एक क्रमांक देतो आणि बायकांना तो पाठ असतो. मुनिमाच्या वहीत तो समासात लिहिलेला होता. चौघांनी पहिल्याच दिवशी त्या पानाचा फोटो काढला होता आणि समासातले आकडे खाडाखोड समजून सोडून दिले होते. सगळी रचना त्या क्रमांकावर फिरून बांधावी लागली. ज्या मुलाला गटानं प्रिंटिंगवर बसवलं होतं, त्यानं प्रकल्पातलं सर्वांत अवघड काम केलं. वापरणाऱ्याची खरी गरज काय, हे त्याच्या भाषेत ऐकून घेणं हेच ते काम. कंपन्यांत त्यासाठी वेगळी माणसं नेमतात, त्यांना चांगले पगार असतात. आमच्या गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

पुढे वजनाचा घोळ झाला. नवापूरच्या मुलीनं वजनं ग्रॅममध्ये साठवली, कारण अपूर्णांक टाळायचे होते. शहरातल्या मुलानं मजुरीचं गणित किलोवर लिहिलं. दोघांचंही काम आपापल्या लॅपटॉपवर तपासलेलं आणि बरोबर होतं. दोन्ही एकत्र जोडल्यावर एका बाईची मजुरी हजारपट दिसू लागली. मुनीम जुनी वही बाजूला चालूच ठेवत होता, म्हणून चुकारा होण्याआधी ते लक्षात आलं. याच जातीच्या चुकीनं 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. एका चमूचं सॉफ्टवेअर पौंडाच्या मापात आकडे देत होतं, दुसऱ्याचं ते न्यूटनच्या मापातले समजून घेत होतं. ही गोष्ट मी दरवर्षी सांगते आणि मुलं माना डोलावतात. त्या वर्षी मात्र त्या गटानं स्वतःहून एक कागद केला. प्रत्येक आकड्यापुढे त्याचं माप लिहायचं आणि एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचल्याशिवाय जोडायचं नाही, असं त्यात ठरलं. असे कागद लिहिणं म्हणजेच सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग.

एकत्र काम करणं आमच्या मुलांना बाहेरून शिकवावं लागतं, असं मला वाटत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांत लाह घालायची पद्धत आहे. एकाच्या शेतातलं किंवा घर बांधायचं काम सगळा पाडा मिळून करतो, ज्याचं काम त्याच्याकडे जेवण, आणि पुढे पाळी दुसऱ्याची. तिथे कोण आलं, कोण आलं नाही, कोणी किती ओढलं, हे सगळ्यांना उघड दिसतं. प्रकल्पाच्या गटात नेमकं तेच दिसत नाही, म्हणून एकजण राबतो आणि तिघं नावं लावतात. ते दिसण्याची साधनं आज फुकट आहेत. लिनक्सच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये तयार केलेलं गिट वापरलं, तर कोणी कोणत्या दिवशी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. मात्र निव्वळ कोडच्या ओळी मोजल्या तर धडगावचा मुलगा पुन्हा मागे पडेल. म्हणून वापरणाऱ्याशी झालेल्या प्रत्येक बोलण्याची तारीखवार टिपणंही त्याच ठिकाणी ठेवावीत, आणि गुण दोन्ही पाहून द्यावेत. वायव्हात प्रत्येकाला दुसऱ्यानं लिहिलेल्या भागावर प्रश्न विचारावा. एवढं केलं तरी इस्त्रीच्या शर्टावर वायव्हा निघणार नाही.

आणि ही तोंडी परीक्षा मराठीत का होऊ नये? 2021 मध्ये एआयसीटीईनं भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मान्यता दिली आणि पुण्याच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगनं संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरूही केली. अहिराणी, भिली, मावची, पावरी घरात बोलणाऱ्या मुलाला मराठीही दुसरीच भाषा आहे, पण तिच्यात तो मनातलं सांगू शकतो. त्याचं इंग्रजी अडखळलं की परीक्षकाला वाटतं त्याचं ज्ञानच अडखळलं.

आता वेळापत्रकाबद्दल. याच्यावर कोणी बोलत नाही, पण माझ्या मते अर्धं दुखणं इथे आहे. आमच्याकडे मिरचीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. शेवटच्या वर्षाचे गट जुलैत पडतात, पहिलं सत्र ‘सिनॉप्सिस’ आणि आकृत्या काढण्यात जातं, कोड लिहायला सुरुवात होते जानेवारी-फेब्रुवारीत आणि डेमो होतो एप्रिल-मेमध्ये. तोवर पथारी मोकळी झालेली असते. शहाद्याच्या पपईवाल्याचं, धडगावच्या आमचूरवाल्याचं, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची नोंद ठेवणाऱ्या अंगणवाडीताईचं, सगळ्यांचंच असं आहे. त्यांच्या कामाचं कॅलेंडर एक, विद्यापीठाचं दुसरं. त्या गटाकडून मी हट्टानं दिवाळीच्या आधीच कामचलाऊ हजेरीवही करून घेतली, म्हणूनच वरचे सगळे घोळ त्यांना भेटले. डेमो एप्रिलमध्ये पहिल्यांदा झाला असता तर नावांचा गोंधळही कळला नसता आणि चौघे समाधानानं पास झाले असते.

त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षीची. मुलं पास होऊन जातात आणि सॉफ्टवेअर त्यांच्याबरोबर जातं. पासवर्ड कोणाकडे, ते सुरू कसं करायचं, मध्येच बंद पडलं तर काय, हे ब्लॅक बुकात नसतं. तिथे संगणकाचा इतिहास असतो. हिंजवडीला माझे सुरुवातीचे महिने दुसऱ्याच कोणीतरी लिहून ठेवलेला कोड वाचण्यात गेले. त्या ऑफिसातल्या बहुतेकांचं तेच चाललं होतं. उद्योगातलं बरंचसं काम जुन्यात बदल करण्याचं असतं, आणि आमची पदवी मात्र दरवर्षी कोऱ्या पानापासून सुरू होते. मिरचीच्या हिशोबाचं काम मी पुढच्या वर्षीच्या चौघांच्या हाती दिलं. पहिला आठवडा ते रागावलेले होते, ‘मॅडम, हे कोणी लिहिलंय, काही कळत नाही’. मग त्यांनी आदल्या वर्षीच्या मुलांना फोन लावले. त्यानंतर त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रत्येक भागावर चार ओळींचा खुलासा येऊ लागला, न सांगता. माझ्या मते शेवटच्या वर्षाच्या निम्म्या गटांना नवा विषय मिळूच नये. मागच्यांचं काम उचला, ते दुरुस्त करा, चालवा आणि पुढच्यांना हाती द्या.

यात माझ्यासारख्यांची एक अडचण आहे, ती दडवणार नाही. जिल्ह्यात कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. एका कॉलेजात मी तशीच होते. वर्ष संपलं, नेमणूक संपली, आणि माझ्या गटांचं काम कोणाकडे सोपवायचं हे विचारायलाही कोणी नव्हतं. प्रकल्प वर्षानुवर्षं चालवायचा तर मार्गदर्शकही टिकला पाहिजे. दहा-बारा गट एका शिक्षकाच्या गळ्यात बांधून प्रत्येकाच्या गिऱ्हाइकाकडे जा म्हणणंही अन्याय आहे. गट कमी द्या, प्रवासखर्च द्या आणि ते तास वेळापत्रकात धरा.

काही सहकारी म्हणतात, स्मार्ट इंडिया हॅकेथॉन आहे की. 2017 पासून ती स्पर्धा होते, सहाजणांच्या गटात निदान एक मुलगी हवी हा तिचा नियम मला फार आवडतो, आणि आमची मुलं तिथे गेली की त्यांना हुरूप येतो. पण सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीचे ते 36 तास असतात. त्यात वापरणारं माणूस पुन्हा भेटत नाही. दुसरे म्हणतात, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या ॲप्टिट्यूड आणि कोडिंगची चाचणी घेतात, पथारीबद्दल कोण विचारतं? चाळणी परीक्षेला नसेल विचारत. मुलाखतीत मात्र ‘तुमच्या प्रकल्पात काय अडलं?’ हा प्रश्न येतोच, आणि ज्याच्याकडे खरी अडचण आहे त्याला तिथे बोलायला काही असतं. शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम मागितली की समोर ठेवतात. जे फुकट आणि क्षणात मिळतं त्यावर पदवीचे गुण कशासाठी द्यायचे? समासातला क्रमांक त्या साधनांना दिसला नसता. तो पाहायला कोणीतरी पथारीवर बसावं लागलं.

नंदुरबार जिल्ह्याचं सॉफ्टवेअरशी नातं लहान नाही. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातलं पहिलं आधार रंजना सोनवणे यांना मिळालं. जगातल्या सर्वांत मोठ्या ओळख-प्रणालीची पहिली वापरकर्ती आमच्या जिल्ह्यातली. ती प्रणाली बांधली गेली दूर बेंगळुरूत. मजुरी करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमगत नाहीत, ही तक्रार नंतर रेशनच्या दुकानांतून देशभर ऐकू आली. 2021 मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं तेव्हा महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोनची मेमरी पुरत नाही आणि ॲप इंग्रजीत आहे, हे त्यांचं म्हणणं होतं. ही दोन्ही सॉफ्टवेअरं करणारे हुशार नव्हते असं कोण म्हणेल? पण आमच्या मोलगी किंवा तोरणमाळच्या मजुराशेजारी, सेविकेशेजारी आठवडाभर बसलेलं कोणी ती बनवणाऱ्यांच्या खोलीत असतं, तर झिजलेली बोटं, फोनची मेमरी आणि भाषा हे प्रश्न पहिल्याच दिवशी निघाले असते. असे बसू शकणारे तरुण आमच्याच वर्गांत आहेत. त्यांना तीन भाषा येतात, नेटवर्क नसलेल्या गावात काम कसं चालतं हे त्यांनी घरी पाहिलेलं आहे. 2011 च्या जनगणनेत राज्यात सर्वांत कमी साक्षरता असलेल्या जिल्ह्यातून ते पदवीपर्यंत पोहोचले आहेत. त्यांच्याकडून आपण बिनपुस्तकांच्या ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर करून घेतो, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

नवीन शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आहेत. म्हणजे कायद्याची, नियमांची अडचण नाही. जळगावचं बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ असो की लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, त्यांच्या अभ्यास मंडळांनी एवढं ठरवावं. प्रत्येक गटाचा एक नाव-गाव असलेला वापरकर्ता असावा. त्याच्या हातात पहिलं कामचलाऊ रूप दिवाळीच्या आत जावं. शेवटच्या वायव्हाला परीक्षकाच्या शेजारी तो वापरकर्ता बसलेला असावा, आणि पुढच्या वर्षीच्या गटानं ते चालवून दाखवेपर्यंत कॉलेजनं ते सांभाळावं.

बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांना, दूध संकलन केंद्रांना, बचत गटांना, आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांना माझी विनंती आहे. तुमच्या जवळच्या कॉलेजात जा आणि संगणक विभागात विचारा की आमच्या वहीचा प्रकल्प कोणी घेईल का. पैसे नकोत. आठवड्यातला एक तास आणि जुनी वही पाहू देण्याएवढा विश्वास पुरे. मुलं चुकतील, म्हणून वही बंद करू नका, दोन्ही बरोबर चालू द्या. गट जुलैत पडतात आणि विषय ऑगस्टमध्ये पक्के होतात, तेव्हा यायचं तर त्याच्या आत या.